वार आणायला तेरखेड्याला

पुण्याहून तेरखेड्याला माणसं जातात ती दिवाळीच्या तोंडावर, फटाके आणायला. मी गेले जानेवारीत, आणि मला आणायची होती वार.

वार म्हणजे बाळंतपणात बाळाच्या मागोमाग पडते ती. बाळ जन्मलं की सगळे त्याच्याकडे बघतात. मी पोटापाण्यासाठी उलटं करते, ट्रेमध्ये मागे राहिलेल्या त्या जांभळट-लाल गोळ्याकडे बघते. आमच्या प्रयोगशाळेतला सध्याचा प्रश्न असा आहे: शरीराबाहेर, काचेच्या बशीत ज्यांची सुरुवात होते, ज्यांना लोक अजूनही टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात, त्या बाळांची वार इतरांपेक्षा वेगळी घडते का? घडत असेल तर त्याचा आईला किंवा बाळाला काही त्रास होतो का? या प्रश्नात मी नुसती पगारापुरती नाही. माझी ईरा याच वाटेनं आली. आता चौथीत आहे, भांडकुदळ आहे आणि गणितात माझ्यापेक्षा बरी आहे. ती झाली तेव्हाही मी वारेवरच काम करत होते, पण तिची वार काही मला बघायला मिळाली नाही. भुलीतून नीट जागी झाले तोवर ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून रवाना झाली होती.

रुखसानाचे उपचार पुण्यात झाले, म्हणून ती आमच्या अभ्यासात होती. पण बाळंतपण माहेरी, धाराशिव जिल्ह्यात. अशा बायका आमच्या हातून निसटतात; बाळंत होतात कुठंतरी लांब, आणि वार जाते. हिनं मात्र आपणहून फोन केला.

“ताई, माझी बी वार घ्या की. तुम्ही येत असाल तर ठिवून घेते मी.”

जणू आंब्याची पेटी ठेवून घेणार होती. मला हसू आलं, आणि मी तिकीट काढलं.

येडशी

येडशीला गाडीतून उतरले तेव्हा सकाळची थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी चिपळूणची, आता पुण्याची. मराठवाडा म्हणजे रखरखाट एवढंच डोक्यात घेऊन आले होते, स्वेटर बॅगेच्या तळाशी. रुखसानाचा नवरा सलीम मफलर गुंडाळून उभा होता. वाशीला, म्हणजे नवी मुंबईतल्या नव्हे, इथल्या तालुक्याच्या गावी, शाळेत तो मराठी शिकवतो. माझ्या हातातला थर्माकोलचा मोठा डबा बघून पुढे आला.

“द्या मॅडम, मी घेतो.”

“हळू हं. आत कोरडा बर्फ आहे. उघडू नका.”

“कोरडा बर्फ?” त्यानं डबा कानाशी नेऊन ऐकला. “ओला नसलेला बर्फ मी पोरांना उदाहरण म्हणून देतो, अशक्य गोष्टीचं. आता बदलावं लागंल.”

स्टेशनाबाहेर चहा घेतला. त्या चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता, रस्त्यावर उसानं लदलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? येरमाळ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, कणसानं वाकलेली ज्वारी, आणि लांबच्या डोंगरांवर पवनचक्क्या. कोकणात डोंगर अंगावर येतात. इथं ते अंतर राखून बसतात.

सलीमनं गाडी चालवता चालवता सांगून टाकलं, “गावात सगळ्यांना माहिती आहे. आम्ही लपवलं नाही. दर महिन्याला नवरा-बायको पुण्याला जायलेत म्हटल्यावर लोक काय ते समजतात. कुणी कुणी डबीतलं बाळ म्हणतात. मी चिडत नाही. रुखसाना चिडते.”

“आणि घरी?”

“रुखसानाच्या अम्मी-अब्बांना आनंदच आहे.” मग गिअर बदलत म्हणाला, “अब्बा बोलत नाहीत जास्त. त्यांच्या मनात काहीतरी आहे. मला सांगत नाहीत.”

तेरखेडा

हमरस्त्याला लागून फटाक्यांची दुकानं आहेत, पाट्यांवर रॉकेटं आणि वाघ रंगवलेले. कारखाने गावापासून लांब, माळावर, एकमेकांपासून अंतर ठेवून बांधलेल्या छोट्या खोल्यांत. रुखसानाचे वडील दस्तगीरचाचा तिथं जन्मभर शोभेची दारू भरत आले. आता वय झालंय, पण हाताच्या बोटांच्या रेघांत रुपेरी करडा रंग अजून आहे. धुऊन जात नाही म्हणाले.

रुखसानानं दारातच माझा हात धरला. तिशी ओलांडलेली, सावळी, पोट चांगलंच पुढं आलेलं, पायांना सूज. माहेरी येताना शिलाईचं मशीनही बरोबर आणलं होतं. ब्लाऊज शिवते ती, वाशीत चांगलं गिऱ्हाईक आहे तिला.

“ताई, आधी जेवा. मग मला सगळं सांगा. फोनवर जे सांगितलं न्हाय ते बी.”

तिच्या आईनं, अम्मींनी, खिचडी वाढली, आणि तिच्यावर ओतायला खट्टा: चिंच, तीळ, भाजलेले शेंगदाणे, वरून कांदा. आमच्याकडे भातावर सोलकढी असते, तिचा हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही, फक्त ह्याला राग जास्त. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसं अम्मींनी दह्याची वाटी सरकवली.

“वार नेऊन करता काय तुम्ही?” त्यांनी विचारलं. आवाजात कडवटपणा नव्हता, पण पाहुणीला सूट द्यायचीही तयारी नव्हती.

“तपासतो, अम्मी. बाळ पोटात असताना तिनं काम कसं केलं ते बघतो.”

“आणि मग?”

मी खिचडी कालवत राहिले. मग ती पिवळ्या पिशवीत जाते, हे मला माहीत होतं.

“वार म्हंजी लेकराची सोबतीण हाय. नऊ महिनं तिनं त्याला खाऊ-पिऊ घातलं. तिला उघड्यावर टाकू न्हाय. मातीत द्यावं लागतं. माझ्या तिन्ही लेकरांच्या ह्याच अंगणात हायत.”

रुखसाना कावरीबावरी झाली. “अम्मी, मी ताईंना शब्द दिलाय.”

“तू दिलास. मी कुठं दिलाय?”

मी म्हटलं, “मला सगळी नको. चार-पाच ठिकाणचे तुकडे पुरतील. सुपारीच्या खांडाएवढे. बाकीची तुम्ही घरी आणा.”

“सुपारीच्या खांडाएवढे,” अम्मींनी पुन्हा म्हटलं, वाण्याकडे माप पक्कं करतात तसं. मग माझ्या ताटात आणखी खिचडी पडली. करार झाला असं मी धरलं.

दुपारी रुखसाना मशीनजवळ बसली आणि मी तिच्या शेजारी. तिनं फोनवर काय काय पाहिलं होतं ते एकेक काढलं. टेस्ट ट्यूबच्या पोरांचे जीन बदललेले असतात. त्यांना मोठेपणी आजार होतात. त्यांची वार बिघडलेली असते. “खरं काय ह्यातलं? गोड बोलू नका, ताई. दवाखान्यात समदे गोड बोलतात.”

समोर कापलेला ब्लाऊजपीस पडला होता, त्याच्यावर तिच्या खडूच्या रेघा. मी तोच उचलला.

“जीन बदलत नाहीत. कापड तेच राहतं, तुझं आणि सलीमचं. पण कापडावर तू खुणा करतेस ना, इथं कापायचं, इथं दुमडायचं, इथं हात लावायचा नाही? तशा खुणा जीनवरही असतात. कुठला जीन चालू, कुठला बंद, ते त्या खुणा ठरवतात. गर्भ अगदी सुरुवातीचा असतो तेव्हा जुन्या खुणा बऱ्याचशा झटकून टाकतो आणि नव्यानं काढतो.”

“आन् तेव्हाच तो बशीत असतो,” ती म्हणाली.

मी पाच वर्षं विद्यार्थ्यांना हे समजावते आहे, इतक्या चटकन कुणी तिथं पोचलं नव्हतं. “हो. म्हणून आम्हाला शंका येते. पोटातली ऊब वेगळी, बशीतली वेगळी. अन्न वेगळं, हवा वेगळी. आणि गर्भाच्या बाहेरच्या पेशींची वार होते, आतल्यांचं बाळ. त्यामुळे काही फरक पडलाच, तर आधी वारेत दिसतो. काही अभ्यासांत तसे छोटे फरक दिसलेत. काहींत नाही. आणि जिथं दिसले तिथंही हे कळत नाही की ते बशीमुळे, की मूल राहत नव्हतं त्याच कारणामुळे.”

“खूण चुकली तर कापड वाया जातं का?”

“तुझं जातं का?”

“न्हाय. शिवणीत घेते सांभाळून.” ती थोडं हसली. “एखाद्या वेळी जातं.”

“एखाद्या वेळी,” मी म्हटलं. “काही दुर्मिळ आजार या मुलांत किंचित जास्त आढळतात. किंचितच, आणि मुळात ते फार विरळ. गोठवलेला गर्भ ठेवला असेल, तुझा तसाच आहे, तर आईचं बीपी चढायचा धोका थोडा जास्त असतो. त्यात वारेचा हात असावा असं वाटतं. बाकी बहुतेक सगळी मुलं इतर मुलांसारखीच वाढतात.”

“तुमच्या घरात कुणी केलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

“मीच केलंय,” मी म्हटलं, आणि फोनवरचा ईराचा फोटो दाखवला, दोन दात पडलेले, हातात बक्षिसाचा कप. रुखसानानं फोटो मोठा करून बघितला. नाक, कान, हाताची बोटं. मीही तशीच बघायचे, पहिलं वर्षभर, रोज.

“चांगली हाय की,” ती शेवटी म्हणाली.

संध्याकाळी चाचांनी मला रानात हुरडा खायला नेलं. शेजाऱ्याच्या शेतात गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, चाचांनी तळहातांवर चोळून दाणे काढले आणि फुंकर मारून माझ्या हातात दिले. कोवळे, दुधाळ, धुराचा वास असलेले. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. कोकणातली पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खाऊन वाढलेली मी, तरी हे मला नवंच होतं. चाचा स्वतः खात नव्हते.

“बाई, एक इचारू का?” ते म्हणाले. “तुम्ही शिकलेल्या, म्हणून.”

“विचारा ना, चाचा.”

“रुखसाना ल्हान असताना फटाक्याच्या कागदी नळ्या वळायची. घरीच. समदीच पोरं वळायची. नंतर मी कामावरून यायचो तर माझ्या कपड्याला दारू असायची, ती धुवायची.” ते आराकडे बघत होते. “तिला इतकी वर्षं लेकरू झालं न्हाय, ते माझ्या दारूमुळं का?”

सलीम म्हणाला होता ते हेच असावं. मी विचारलं, तुम्हाला कुणी कारण सांगितलं नाही का? ते म्हणाले, बायांच्या गोष्टी मला कोण सांगणार, आणि मी तरी कुणाला विचारणार?

रुखसानाला विचारल्याशिवाय तिच्याविषयी बोलणं बरोबर नव्हतं. म्हणून घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती जागेवरून उठली, चाचा अंगणात हातपाय धूत होते तिथं गेली आणि ओसरीच्या कडेला बसून म्हणाली, “अब्बा, मला ल्हानपणी टीबी झाला व्हता, आठवतंय का? गाठीचा. त्यो आत उतरला व्हता. त्यानं आतल्या नळ्या बंद झाल्या. डॉक्टरनी दुर्बिणीतून बघितलंय. तुमच्या दारूचा काय बी संबंध न्हाय.”

चाचांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी ओल्या हातांनी तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं, आणि आत जाऊन अम्मींकडे जेवण मागितलं. अम्मी म्हणाल्या, आज काय झालंय ह्यांना, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

घाटात

धाराशिवच्या दवाखान्यात सिझेरियनची तारीख तीन दिवसांवर होती. तोवर मी आसपास फिरणार होते, रामलिंगाचं देऊळ बघणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसून दात घासत होते, तेव्हा रुखसाना कपाळ दाबत बाहेर आली.

“डोकं लई दुखायलंय.”

“झोप न्हाय झाली,” अम्मी म्हणाल्या. “चहा घे.”

“डोळ्यापुढं काजवे चमकायलेत, अम्मी.”

मी तोंड तसंच पुसून उठले. मी डॉक्टर नाही, माझा धंदा नंतरचा आहे. पण या वाक्याचा अर्थ मला माहीत होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी घरी ठेवायला सांगितलेलं बीपीचं मशीन कपाटात होतं. पट्टा लावला. आकडा बघून मी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, दुसऱ्या हाताला लावलं. तोच आकडा. धाराशिवला फोन केला तर डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, “निघा. लगेच.”

सलीम वाशीहून शाळा सोडून आला. रुखसाना आणि अम्मी मागे, मी पुढे. गाडी हमरस्त्याला लागली आणि येडशीच्या घाटापर्यंत बरी पळाली. मग थांबली. पुढे ट्रक, त्याच्यापुढे ट्रक, आणि वळणावर उसाची ट्रॉली आडवी झालेली. सगळा रस्ता उसानं भरलेला. रामलिंगाच्या जंगलातली वानरं केव्हाच खाली आली होती आणि लग्नाच्या पंगतीला बसावं तशी रांगेनं बसून ऊस सोलत होती.

सलीम गाडीतून उतरून पळत गेला. मी काचेतून त्याला हातवारे करताना बघत होते. रुखसाना डोळे मिटून होती. अम्मी तिच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या. मला पहिल्यांदाच भीती वाटली. आतापर्यंत रुखसाना माझ्यासाठी एक वार होती, आमच्या अभ्यासात नसलेल्या भागातली. आता ती मागच्या सीटवर श्वास घेत होती.

मग ट्रकवाले उतरले. मोटारसायकलवाले उतरले. एका जीपमधून लग्नाला निघालेली माणसं उतरली, फेटे बांधलेली. कुणी कुणाला काही सांगताना दिसलं नाही. सगळ्यांनी वाकून ऊस ओढायला सुरुवात केली, मोळ्याच्या मोळ्या कडेला. मीही गेले. पाचटानं हात कापला. माझ्या शेजारी एक फेटेवाला गृहस्थ हातभर लांब ऊस ओढत होता आणि पलीकडून एक वानर तोच ऊस आपल्याकडे. “सोड की रं भाड्या!” तो ओरडला. त्या गोंधळातही माणसं हसली. एका गाडीपुरती वाट झाली. सलीमनं गाडी उसाच्या चिपाडांवरून काढली तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं हात दाखवत होती, सरळ, सरळ, येऊ द्या.

घाट उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की बर्फाचा डबा तेरखेड्यातच राहिलाय.

धाराशिव

दवाखान्यात त्यांनी रुखसानाला तिथल्या तिथे आत नेलं. मी बाहेर उभी राहून चाचांना फोन केला: माझा डबा घेऊन या, उघडू नका, उन्हात ठेवू नका. मग डॉक्टरबाईंनी मला आत घेतलं. माझं येणं त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

बाळ दुपारी झालं. मुलगी. थोडी लवकर, थोडी बारीक, पण रडली अशी की टेबलावरची कात्री वाजावी. अम्मींनी बाहेर आवाज ऐकला आणि दोन्ही हात पसरून दुआ मागितली. सलीमनं नंतर तिच्या कानात अजान दिली.

आणि मग वार आली. मी शेकडो पाहिल्यात. तरी ही मी दोन्ही हातांनी सांभाळून उचलली. कडेला एक फिकट, घट्ट भाग होता; तिथं रक्त पोचलेलं नव्हतं. बीपीचा माग तिथं होता. पण बाकीची भरदार होती, नाळेपासून रक्तवाहिन्या सगळीकडे पसरलेल्या, गच्च. त्या कमी पडलेल्या तुकड्याची उणीव उरलेलीनं भरून काढली होती. डॉक्टरबाई टाके घालता घालता म्हणाल्या, “आणखी एक दिवस थांबलो असतो तर कठीण होतं.”

नमुने मी दवाखान्याच्या फ्रिजमध्ये बर्फात ठेवले. काही तपासण्या उशीर झाला की हातच्या जातात, पण डीएनएवरच्या खुणा तग धरतात. तरी मी खिडकीशी जाऊन सारखी रस्त्याकडे बघत होते.

चाचा आले ते डोक्यावर टोपी नाही, सदरा घामानं भिजलेला आणि डबा छातीशी. त्यांनी एसटी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, कुठलं? चाचा म्हणाले, तेरखेडा. डब्यात काय? चाचा म्हणाले, मला उघडायला मनाई हाय. तेरखेड्याचा माणूस, मांडीवर मोठा डबा, आणि उघडायला मनाई! कंडक्टरनं स्वतःच झाकण उचललं. आतून पांढरा धूर बाहेर आला.

“समदी बस ओरडली,” चाचा सांगत होते. “एक म्हातारी तर खिडकीतून पाय बाहेर काढून बसली. मी म्हणायलोय बाबांनो बरफ हाय, बरफ हाय, तर कंडक्टर म्हणतो बरफातून धूर निघतो व्हय! शेवटी मी हात आत घातला. लई पोळला. मग पटलं लोकांना.”

त्यांच्या बोटांवर लाल चट्टे उठले होते. मी नर्सकडून मलम मागून आणलं. जन्मभर दारूत हात घालून न भाजलेला माणूस माझ्या बर्फानं भाजला होता. ते मलम लावून घेताना विचारत होते, पोरगी रंगानं कुणावर गेलीय?

अंगणात

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी दवाखान्यात राहिल्या आणि मी चाचा-सलीमबरोबर तेरखेड्याला परतले. उरलेली वार नव्या मडक्यात होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. वाटेत सलीम म्हणाला, खरं तर बाळ वाशीचं, वार वाशीलाच पुरायला पाहिजे. चाचा म्हणाले, पहिलं बाळंतपण माहेरचं, वार माहेरची. सलीमनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शास्त्र यावर गप्प आहे.

चाचांनी अंगणात भिंतीजवळ खड्डा घेतला, चांगला खोल, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. पुरण्याआधी त्यांनी फडकं सोडलं आणि मला म्हणाले, दाखवा. शेजारच्या दोघी-तिघी बायका जमल्या होत्या. त्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला, पण हलली नाही. मी दाखवलं. ही बाळाची बाजू, गुळगुळीत. ही आईची बाजू, खरबरीत, इथं ती आईला चिकटून होती. हा भाग कमी पडला. आणि इथून मी तुकडे घेतले, पाच.

चाचा वाकून त्या पाच खाचा बघत होते. “सुपारीच्या खांडाएवढेच हायत,” ते म्हणाले. अम्मींनी त्यांना बजावून पाठवलं असणार.

तोंडाला पदर लावलेली बाई हळूच म्हणाली, “सारखीच दिसते की. माझ्या सुनेची पडली तवा बघितली व्हती म्या. अशीच व्हती.”

मी हो म्हटलं. डोळ्यांना सारखीच दिसते. न दिसणाऱ्या खुणा वाचायला मला पुण्याला जायचं होतं, आणि एकट्या या वारेवरून काहीच कळणार नाही, अशा पुष्कळ लागतील, वर्षं लागतील. हे मी तिला सांगितलं नाही. चाचांनी मूठभर माती टाकली, मग सलीमनं, मग मला खूण केली. चिपळूणला आजीच्या काळी वार नारळाखाली पुरत असत असं ऐकलं होतं. माझ्या हातून मात्र कधी एकही वार मातीत गेली नव्हती. त्या सकाळी गेली. माती थंड होती, काळी, हाताला चिकटणारी.

निघताना

गाडी धरण्याआधी दवाखान्यात गेले. रुखसानाचं बीपी उतरत होतं, अजून गोळ्या चालू होत्या, पण डोळ्यांपुढचे काजवे गेले होते. बाळ तिच्या कुशीत कापडात गुंडाळलेलं. नाव सातव्या दिवशी अकीक्याला ठेवणार. अम्मी थर्मासमधून अछवानी ओतत होत्या, सुंठ-ओवा-सुकामेव्याचं ते गरम गरम बाळंतिणीचं पेय. मलाही एक पेला मिळाला, बाळंत न होता.

“कधी कळंल ताई, तुमच्या तपासणीचं?” रुखसानानं विचारलं.

“सगळ्या वारा जमल्या की. वेळ लागेल. पण तुझ्या मुलीची वाढ बघायला आमची काही गरज नाही, तिचं वजन, तिचं बोलणं-चालणं डॉक्टर बघतील आणि तू बघशील. आम्ही शोधतोय ते पुढच्यांसाठी. बशीतलं अन्न, हवा आणखी चांगली कशी करता येईल, कुणाचं बीपी चढेल ते आधी कसं ओळखता येईल.”

“म्हंजी पुढच्या बाईला घाटात अडकावं लागू न्हाय.”

“हो. घाटात अडकली तरी बीपी चढलेलं नसावं.”

ती बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “ताई, पुण्यात अजून एक गर्भ गोठवून ठिवलाय आमचा. हिच्याच दिवशीचा, हिच्याच संगं बशीत व्हता. चार-पाच वर्षांनी आणला, अल्लानं दिला, तर त्यो हिचा जुळा का धाकटा?”

मी तोंड उघडलं. गर्भधारणा एकाच दिवशीची. पण तसं म्हणावं तर दोन वेगळी बीजं, आणि जन्म वर्षांच्या अंतरानं... इतकी वर्षं या विषयात घालवून मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

अम्मींनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. “त्यात काय इचार करायचा एवढा? जो मागून रडंल, त्यो धाकटा.”

सलीम हसला, मी हसले, शेजारच्या खाटेवरची बाई हसली. रुखसानानं दोन्ही हातांनी पोट धरलं.

“अम्मी, नक्को गं हसवू. टाके ओढायलेत.”